मावशीसाठी ट्रॉली

॥ श्री ॥

बोरवाडी, ता. नेवासा
१४ एप्रिल २०२६

चि. सौ. राजेश्वरीस दादाचे अनेक उ. आ.

आम्ही सर्व येथे खुशाल आहोत, एक ट्रॉली सोडून. तीही खुशाल असती तर मी पत्र लिहायला बसलो नसतो, हे तू ओळखलं असशीलच. फोन का केला नाही म्हणून चिडू नकोस. माझ्या कानांना फोनवर नुसती शिट्टी ऐकू येते. मग तू ओरडतेस, मी ओरडतो आणि शेजाऱ्यांना वाटतं बहीण-भावाची वाटणीवरून जुंपली. त्यापेक्षा हे बरं. आपल्या गावचा सम्राट दुधाचा टेम्पो घेऊन रोज नगरला येतोच, त्याच्याजवळ पत्र देत आहे.

परवा ट्रॅक्टरमागे ट्रॉली लावून तराफा धरणाच्या पाण्याकडे नेत होतो. अर्ध्या वाटेत ट्रॉलीचं डावं चाक निखळलं आणि माझ्याही पुढे पळत जाऊन रस्त्याकडेच्या एका कांदे साठवायच्या चाळीला धडकलं. चाळीला काही झालं नाही, तराफाही शाबूत आहे. मात्र ट्रॉलीचा आस वाकला आहे, आणि ती बसकण मारलेल्या म्हशीसारखी एका अंगावर कलली आहे.

एरवी मी म्हटलं असतं, पाऊस झाल्यावर बघू. हिवाळ्यात पक्षी पाहायला येणारी शहरातली मंडळी येईपर्यंत तराफ्याला तसं काम नसतं. पण १७ मेला अधिक महिना लागतोय, आणि लंकामावशीला आईची ओटी भरायची आहे. आपली आजी गेली तेव्हा मावशी रांगत होती. तिला आईनेच वाढवलं, म्हणून तिच्या लेखी बहीण हीच आई. मागच्या अधिकात तू ओटी भरून गेलीस, पण मावशीचं राहिलं ते याच ट्रॉलीपायी. ती पाण्याच्या पलीकडे, आपण अलीकडे. जीपमध्ये बसवली की पहिल्या फाट्यालाच तिला मळमळतं, आणि कोळ्यांच्या होडीत ती पाय ठेवत नाही, हलते म्हणून. आपला तराफा तेवढा तिला चालतो, कारण तो पडवीसारखा सपाट आहे.

आई ब्याऐंशीची झाली. पुढचा अधिक तीन वर्षांनी. रोज सकाळी ती ट्रॉलीपाशी जाऊन उभी राहते.

तेव्हा ट्रॉली टेम्पोवर टाकून तुझ्या नागापूरच्या वर्कशॉपला पाठवतो. नुसतं चाक बसव आणि आस सरळ कर. दाजींना सांग, नक्षीकाम नको.

तुझा लोभ माझ्यावर आहेच, तो थोडा ट्रॉलीकडेही वळव.

तुझा,
दादा (आसाराम)

॥ श्री ॥

नागापूर एमआयडीसी, अहिल्यानगर
२२ एप्रिल २०२६

ति. दादास राजेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

ट्रॉली पोचली. टेम्पोवरून उतरवताना तिच्यातून एवढा गाळ पडला की आमच्या दारात मला मेथी टाकता आली असती. आमची कामावरची पोरं विचारत होती, मॅडम, हे दुरुस्तीला आलंय की उत्खननातून. मी सांगितलं, माझ्या माहेरचं आहे, हसू नका.

दादा, चाक उघडलं. आत ग्रीसचं ताक झालं होतं. बेअरिंगच्या गोळ्या गंजून एकमेकींना चिकटल्या होत्या. तू शेडपासून पाण्यापर्यंत ट्रॅक्टर दामटत नेतोस आणि तशीच तापलेली चाकं पाण्यात घालतोस ना? खोटं बोलू नकोस, मी पाहिलंय. तापलेलं चाक गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढून घेते. मागच्या अधिकात हेच झालं असणार. म्हणजे मावशीची ओटी ट्रॉलीने नाही, तुझ्या घाईने चुकवली. रागावू नकोस, पण खरं ते लिहिते.

आता नुसत्या चाकावर भागणार नाही. खालचे लोखंडी अँगल आतून सडलेत, स्क्रू ड्रायव्हर टोचला तर आरपार गेला. त्या जागी जाड पोलादी चॅनल घालून सगळ्या सांगाड्याला जस्ताचा मुलामा देऊन आणते. चाकं रुंद टाकणार, म्हणजे गाळात रुतणार नाहीत. तराफा टेकतो तिथे कारखान्यातल्या जुन्या पट्ट्याचं रबर लावते आणि मागे रोलर बसवते. पुढे हाताने फिरवायचा विंच, तराफा दोराने ओढून घ्यायला. तू हँडल फिरवायचंस, तराफा आपोआप वर येऊन बसेल, चार माणसांनी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून देवाचा धावा करायला नको. यांनाही उत्साह आलाय. रात्री जेवताना ताटाभोवती बोटाने ट्रॉली काढून दाखवतात.

हे नक्षीकाम नव्हे. आईसाठी आहे, त्यामुळे तुझी परवानगी मागत नाही.

आईला माझा नमस्कार सांग, वहिनींनाही. आणि ट्रॉलीच्या जागेपाशी आई उभी राहते तिथे एक खुर्ची ठेव.

तुझी माया अशीच असू दे, फक्त कमी घाईची.

तुझी,
राजी

॥ श्री ॥

नागापूर
१६ मे २०२६

ति. दादास शि. सा. न.

सोबत ट्रॉली पाठवत आहे. उद्या अधिक लागतोय, त्याआधी पोचवायची असं ठरवलंच होतं. रंग यांनी निवडलाय, निळा. मला हिरवा हवा होता, पण चाळीस वर्षं ज्या माणसाला भाजीत मीठ किती हेही विचारलं जात नाही, त्याला एकदा रंग विचारायला हरकत नव्हती.

एवढंच ऐक. पाण्यापाशी पोचलास की थांब. चाकाच्या मध्यावर तळहात ठेव. हात टेकवता आला, पोळला नाही, तर पाण्यात घाल. तोवर चहा घे. आमच्याकडे मशीन थंड होईपर्यंत पोरांना चहाच पाजते मी, म्हणजे कुणी लुडबुड करत नाही. ही ट्रॉली चहाशिवाय भिजवायची नाही, असं समज.

ग्रीसची बंदूक खाली डब्यात ठेवली आहे. प्रत्येक वेळी पाण्यातून काढल्यावर नवं ग्रीस भर.

मोठं काम हाती आहे, त्यामुळे मला अधिकाच्या शेवटच्या रविवारीच येता येईल. मावशीची ओटी त्याआधी व्हायला हवी. तिला माझा नमस्कार कळव, आणि सांग की भाचीने दिलेली गाडी आहे, मळमळणार नाही.

तुमच्या सगळ्यांच्या आशीर्वादाची नेहमीचीच भुकेली,
राजी

॥ श्री ॥

बोरवाडी
२९ मे २०२६

चि. सौ. राजेश्वरीस अनेक आ.

ट्रॉली पाहून डोळे निवले. तुझ्या घरी सगळे शहाणे आहेत, मीच एक गावठी. पण पुढचं वाच, आणि हसायचं असेल तर दाजींसमोर हसू नकोस.

काल मावशीला निरोप दिला की सकाळी ये, पलीकडच्या बाभळीखाली बस, मी न्यायला येतो. आज पहाटे निघालो, आईही हट्टाने सोबत आली. पाण्यापाशी पोचल्यावर चाकाला हात लावला, चटका बसला. म्हटलं, राजीचा हुकूम, चहा मांडा. आमच्या सूनबाईने, रुपालीने, तिथेच चूल पेटवली. आता तुला आपलं गाव माहीत आहे. निळी ट्रॉली पाहायला मळ्यामळ्यातून माणसं आली. आलेल्याला चहा दिल्याशिवाय जाऊ द्यायचं, ही आपल्या घरची रीत नाही. दूध संपलं, सम्राटच्या टेम्पोतली एक किटली उतरवली. शेजारच्या मळ्यातल्या रखमाजीने ग्रीसची बंदूक हातात घेऊन तिचं कौतुक केलं, मग पोलीस पाटलांनी केलं. चाकं कधीच गार झाली होती, पण कपबशा धुणं संपेना.

ट्रॉली पाण्यात घालायला निघालो तेव्हा सूर्य वर आला होता. त्यात पाणी आणखी मागे सरलेलं. मी नेहमीपेक्षा पंधरा-वीस हात पुढे गेलो आणि ट्रॅक्टरची चाकं गाळात बसली. ट्रॉली मात्र वरच्यावर उभी होती, रुंद चाकं खरंच बुडत नाहीत. शेवटी रखमाजीने घोडेगावच्या बाजारातून आणलेली नवी खिल्लारी जोडी जुंपली तेव्हा ट्रॅक्टर निघाला. तोवर दुपार, आणि दुपारचा वारा. पाण्यावर तराफा नाचायला लागला, त्याचं इंजिन चालू करून परत बंद केलं.

मावशी पलीकडे उन्हात बाभळीखाली बसून राहिली आणि ओटीचं सामान घेऊन परत गेली. मला तिचा पदर लांबून दिसत होता. फार लाज वाटली, राजी. ते पाहून आई घरी आल्यावर जेवली नाही.

आता एक मागतो, चिडू नकोस. बैल गाळातून चालतात, आणि सावकाश चालतात. त्या चालीने चाक तापायचंच नाही, म्हणजे चहाही नको आणि ट्रॅक्टरही नको. तुझ्या ट्रॉलीला पुढे जू बांधायची दांडी बसवता येईल का?

खाली आईने रुपालीकडून लिहून घेतलं आहे, ते वाच.

तुझा,
दादा

राजे, मी आई. आसाऱ्याला बोलू नको. लेकरू लई पळतं माझ्यासाठी. च्या पाजला त्यानं समद्यांना, त्यात काय वाईट न्हाई. पर लंकी उनात बसली हुती, ते मला बघवलं न्हाई. ती ल्हान हुती तवा मी तिला कडंवर घेऊन पाण्याला जायची. तुझे बाबा गेले, मग माझी वटी कशी भरती असं बायका इचारतात तिला. ती म्हणाली, माझ्या आईची वटी हाय, तुमची न्हाई. येवढं बोलली ती माझ्यापायी, आन् मी इकडंच बसले. तू ती दांडी दे बाई. बैलांना लावायला लाजू नको. तुझा जलम बी बैलगाडीतच झाला.

॥ श्री ॥

नागापूर
३ जून २०२६

ति. दादास शि. सा. न.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मी रागावले. जस्ताचा मुलामा, नवे बेअरिंग, विंच, आणि त्यापुढे बैल. आमच्याकडे कुणाला सांगायची सोय नाही. नंतर आईचं वाचलं आणि वर्कशॉपच्या मागे जाऊन डोळे पुसले. जन्माचं ते मला इतक्या वर्षांनी कळलं, हे तिने मला आधी का सांगितलं नाही?

दांडी करून पाठवली आहे. सम्राटच्या टेम्पोत मावली नाही, म्हणून टपावर बांधली. खिळी काढली की दांडी सुटते, ट्रॅक्टरला लावायचं असेल तेव्हा. जूच्या जागी रबराची पट्टी घातली आहे, बैलांच्या मानेला घासू नये म्हणून. रखमाजीला सांग, ही सोय त्याच्या बैलांसाठी आहे, त्याच्या कौतुकासाठी नाही.

आणि दादा, चहाचं ते माझंच चुकलं. चाक गार होईपर्यंत चहा, असं मी लिहिलं. आपल्या गावात चहाला शेवट नसतो, हे मी विसरले. नागापुरात राहून माणूस बिघडतं.

पंधराला अधिक संपतो. वारा सकाळी लवकर नसतो. निघताना कुणाला सांगू नकोस.

तुझ्या लोभाला पात्र (असायचा प्रयत्न करणारी),
राजी

॥ श्री ॥

बोरवाडी
९ जून २०२६

चि. सौ. राजेश्वरीस अनेक आ.

झालं. सगळं सांगतो.

आज उजाडायच्या आत निघालो. मी, रखमाजी आणि बैल. गावाला कळलं नाही, कारण बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढून ठेवल्या होत्या. पाण्यापाशी पोचल्यावर मी चाकाला हात लावला. गार होतं, सकाळच्या माठासारखं. तशीच ट्रॉली वळवून पाण्यात घातली. बैल गुडघ्यापर्यंत पाण्यात गेले आणि आधी पाणी प्यायले, तेवढा वेळ त्यांनी घेतला, त्यावर माझा इलाज नव्हता. रोलरवरून तराफा असा घसरला की रखमाजीने तुला मनातल्या मनात नमस्कार केला. तो म्हणाला तसं.

मावशी पलीकडे उभी होती. या खेपेला बसली नव्हती, बसलं की माणूस येत नाही असं तिचं मत झालंय. पलीकडचा काठ खडकाळ, तराफा थेट टेकला; वर ठेवलेल्या खुर्चीत तिला बसवली आणि आणली. पाणी आरशासारखं होतं.

अलीकडे आलो आणि पेच पडला. पाणी आणि कोरडी जमीन यांच्यामध्ये गाळाचा पट्टा. मावशी म्हणाली, नवं लुगडं नेसले हाय, मी चिखलात पाय द्यायची न्हाई. गुडघाही दुखतो तिचा. मग मी तुझा विंच फिरवला आणि तराफा मावशीसकट ट्रॉलीवर चढवला. रखमाजीने बैल हाकले. मावशी वर खुर्चीत, मांडीवर ओटीचं गाठोडं, आणि आम्ही खाली. गावातून जाताना सगळे दारात आले. कुणी चहा विचारला तर मावशी वरून सांगायची, थांबायचं न्हाई, माझी आई वाट बघतीया.

थेट आपल्या पडवीला नेऊन लावली. तराफ्याची फळी आणि पडवी एका उंचीची निघाली. मावशी एक पाऊल टाकून आत गेली. आई पाटावर बसली होती, हात मांडीवर ठेवून. मावशीने ओटी भरली, लुगडं, खण, नारळ, तेहेतीस अनारसे. मग गाठोड्यातून आणखी एक लुगडं काढलं. म्हणाली, हे मागच्या अधिकाचं, तीन वर्षं पेटीत ठेवलं हुतं, हे बी घे.

आईने ते हातात घेतलं. काठावरून बोट फिरवलं, मावशीला रंगात काही कळत नाही असं म्हणाली, आणि परत तिच्याच मांडीवर ठेवलं. पेटीतच ठेव म्हणाली. पुढच्या अधिकाला घेऊन ये.

मावशी रडायला लागली, आणि रडता रडता आईवर रागावली, की तू लहानपणापासून अशीच हुकूम सोडतेस. आई हसत होती. मी बाहेर येऊन ट्रॉलीच्या चाकात नवं ग्रीस भरलं.

मावशी रविवारपर्यंत राहतेय. तू ये. आई म्हणते, तीन वर्षं टिकायची आहे, तेव्हा बेअरिंग पुन्हा एकदा उघडून बघायला ये.

सर्वांना आशीर्वाद, दाजींना नमस्कार. माया आहेच, ती सोबत घेऊनच ये.

तुझा,
दादा