बेटासाठी सात लेन्स

२ जानेवारी, सकाळी ८
संकल्प: या वर्षी ‘पासपोर्ट फोटोवाला’ ही ओळख पुसून टाकणे. एकवीस वर्षं तोच पांढरा पडदा, तेच स्टूल, तेच ‘हनुवटी खाली, कान दिसू द्या, हसू नका.’ बास झालं. इथून पुढे मी लँडस्केप आर्टिस्ट.
निमित्त आयतंच चालून आलंय. मेहुणी-साडू आणि आम्ही दोघं, अकरा फेब्रुवारीला आठ दिवस बेटावर. निळा समुद्र, पांढरी वाळू, दमट हवा. हिने लायब्ररीतली रजा दोन वर्षं साठवली आणि साहेबांशी भांडून मंजूर करून घेतली. तारखा हलणार नाहीत, हे तीनदा सांगून झालं. मी म्हटलं, तारखा तू बघ, लेन्स मी बघतो.
हिची एकच अट. आमच्या सगळ्या अल्बमांत ती आहे, डोंगर आहेत, देवळांच्या पायऱ्या आहेत, मी कुठेच नाही. या वेळी तुम्ही माझ्या शेजारी पाहिजे, म्हणाली. ‘बघू’ म्हटलं. फोटोग्राफरच फोटोत जाऊन बसला तर फोटो काढणार कोण? पण बायकांना तांत्रिक बाजू समजत नाही.

५ जानेवारी
लेन्सची अंतिम यादी. १६-३५ (समुद्र). २४-७० (सगळंच). ५० (सवय). ८५ (चेहरे). मॅक्रो (शंख-शिंपले). ७०-२०० (दूरच्या होड्या). १५०-६०० (त्याहून दूरच्या होड्या). एकूण सात. सातातली एकही कमी करता येणार नाही. विषय संपला.

६ जानेवारी
बेटावरच्या वाळूत लेन्स बदलणं म्हणजे आत्महत्या. म्हणून दोन कॅमेरे.

९ जानेवारी, दुपार
वाण्याकडे जाऊन बॅग काट्यावर ठेवली. पावणेअकरा किलो. विमानात हातातल्या बॅगेला सात किलोची मर्यादा. ही मर्यादा ठरवणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी सूर्यास्त पाहिलेला नसणार.
उपाय: उरलेल्या लेन्स हिच्या बॅगेत. हिने विचारलं, मग माझे कपडे? मी म्हटलं, उष्ण हवेचं बेट आहे, कपडे लागतात कितीसे. त्यावर ती जे बोलली ते इथे लिहीत नाही.
पर्याय दोन: बारा खिशांचं जाकीट. लेन्स अंगावर. अंगाचं वजन कुणी करत नाही.

१० जानेवारी
जाकीट घालून घरभर फिरून पाहिलं. उजव्या बाजूला ७०-२०० असल्यामुळे उजवीकडे कललो. कपाटावर आपटलो. सरावाने जमेल.

१२ जानेवारी
बेटाच्या व्हिसासाठी चौघांचे फोटो लागणार. एजंटने चौघांची बाकीची कागदपत्रं घेतली, फोटो अर्थातच माझ्याकडे. साडू, मेहुणी, ही, तिघांचे नेहमीसारखे उरकले. वीस मिनिटांत तीन. यंत्रासारखे.
माझ्या स्वतःच्या पाळीला मात्र थांबलो. स्वतःचाही यंत्रासारखाच काढायचा? मग संकल्प कशाला केला? ८५ची चाचणीही व्हायची होती. खिडकीचा उजेड एका बाजूने घेतला. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात. फोकस डाव्या डोळ्यावर, बाकी सगळं लोण्यासारखं विरघळलेलं. टायमर लावून चौदा प्रयत्न. चौदावा पाहिला आणि स्वतःलाच नमस्कार करावासा वाटला.
ही म्हणाली, छान आहे, पण एक साधाही काढून ठेवा. साधा!

१९ जानेवारी
तिघांचे व्हिसा आले. माझा फोटो परत. शेरा: ‘चेहऱ्याच्या एका बाजूस सावली. कान अस्पष्ट.’
सावली आहेच. मुद्दाम घातलीय. कान अस्पष्टच असायला हवेत, नजर डोळ्यांवर जावी म्हणून. मलाच माझं काम शिकवतात! ज्या माणसाने आजवर हजारो कान दाखवले त्याला!
हिने स्टूल पुसून ठेवलं. बसा, पाच मिनिटांचं काम आहे, मी बटण दाबते म्हणाली. मी म्हटलं, पाच मिनिटांचा प्रश्न नाही, कलेचा आहे.

२० जानेवारी
व्हिसा ऑफिसला पत्र. तीन पानं. प्रकाश, छाया आणि मानवी चेहरा. सोबत तोच फोटो पुन्हा. एजंटने पत्र वाचून कपाळाला हात लावला. पत्र जोडायची सोय नाही म्हणाला. मी म्हटलं, सोय करा. मी काही कच्च्या गुरूचा चेला नाही.

२३ जानेवारी
लेन्सकडे दुर्लक्ष होतंय. पुन्हा यादीला बसलो. मॅक्रो काढावी का? काढली. तासभर मन लागलं नाही. परत घातली. दमट हवेत लेन्सला बुरशी धरते, म्हणून ओलावा शोषणाऱ्या पुड्या घेतल्या. पुड्यांचं वजन दोनशे ग्रॅम. बॅग आता अकरा किलोला टेकली.

२५ जानेवारी, संध्याकाळ
साडू आला होता. हा माणूस बेटावर फक्त फोन नेणार आहे. एक फोन! खिशातून काढला, आमच्या हॉलचा फोटो काढला, परत खिशात. मी मनात म्हटलं, देव याचं भलं करो. जाताना हळूच म्हणाला, अहो, तो फोटो तेवढा साधा द्या बुवा, ताई रोज एजंटकडे फेऱ्या मारतायत. ही कधीपासून रोज जातेय, हे मला माहीत नव्हतं. असो. साडू या नात्याने सल्ला द्यायचा अधिकार त्याला आहे, घ्यायचं बंधन मला नाही.

२८ जानेवारी
फोटो दुसऱ्यांदा परत. शेरा तोच, शब्दनशब्द. पत्राचा उल्लेखही नाही. म्हणजे वाचलं आणि उत्तर सुचलं नाही.

३० जानेवारी
एजंट म्हणतो शेवटची संधी. आज पाठवला तर दहा तारखेच्या आत व्हिसा होईल, नाही तर नाही. हिने जेवताना एकदाच विषय काढला. म्हणाली, मला तुमच्या लेन्सचं काही नाही, सातही न्या, माझे कपडे मी बहिणीच्या बॅगेत टाकते. फक्त या. आवाज जरा बसला होता. सर्दी असावी.
मलाही वाईट वाटलं. खोटं का लिहू? म्हणून तडजोड केली. चेहऱ्यावरची सावली अर्ध्यावरून पाववर आणली. डावा कान पूर्ण दाखवला. एका माणसाने आणखी किती झुकायचं? फोटो खरं म्हणजे पहिल्याहून उतरला, पण संसारासाठी सोसलं.

५ फेब्रुवारी
परत. ‘चेहऱ्याच्या एका बाजूस सावली. उजवा कान अस्पष्ट.’
पाहिलंत! डावा चालला! म्हणजे माझ्या मुद्द्यात दम आहे. एजंटला म्हटलं आणखी एक पाठवतो. तो म्हणाला, आता पाठवून उपयोग नाही, काका. काका! माझ्याहून चारच वर्षांनी लहान असेल.
ही आत गेली आणि कपाट लावत बसली. कपाट काल लावलेलं होतं.

७ फेब्रुवारी
हिची बहीण फोनवर म्हणत होती, मग तूही येऊ नकोस, पुन्हा कधी जाऊ. ही म्हणाली, रजा पुन्हा मिळणार नाही. आणि मग, मी आतल्या खोलीत आहे हे माहीत असून, मोठ्याने म्हणाली, मी जाणार आहे. मला समुद्र बघायचाय.
योग्यच. मीही तेच सुचवणार होतो.

११ फेब्रुवारी, सकाळी ७
गेले तिघं. निघताना १६-३५ पुढे केली. निदान समुद्राला तरी न्याय मिळेल म्हटलं. हिने लेन्सकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बॅगेची चेन लावली. टॅक्सी वळेपर्यंत दारात उभा होतो. मागे वळून पाहिलं नाही तिने. सीटबेल्टमुळे वळता येत नसेल.
मी घरी राहिलो हा निषेध आहे, याची नोंद असावी. सातही लेन्स बॅगेत तशाच ठेवल्यात. बॅग सोडली तर हार मानल्यासारखं होईल.

१२ फेब्रुवारी
दुकान. सहा पासपोर्ट फोटो. एका गिऱ्हाइकाने विचारलं, काका, बाजूने उजेड घेऊन जरा आर्टिस्टिक काढता का? त्याच्यावर एवढा ओरडलो की तो न काढताच गेला.

१३ फेब्रुवारी
हिचा फोन नाही. मीही केला नाही. दोन वेळा अंड्याची पोळी. मीठ जास्त.

१५ फेब्रुवारी, दुपार
हिने फोटो पाठवले. नऊ. सगळे साडूच्या फोनवरचे. पाहवेनात. समुद्र एका बाजूला उतरता, पाणी सांडेल की काय असा. उजेड भर दुपारचा, तोही डोक्यावरचा. ही हसतेय, ते ठीक. निळी साडी चांगली दिसतेय, ते साडूचं कर्तृत्व नव्हे.
आणि फ्रेमिंग! नऊच्या नऊ फोटोंत ही उजव्या कडेला उभी, डावीकडे काहीच नाही. होडीजवळ तसंच. बाकावर तसंच, बाक अख्खा रिकामा आणि ही टोकाला. जेवणाच्या टेबलावर शेजारची खुर्चीसुद्धा रिकामीच घेतलीय. एवढी जागा वाया घालवायला काही विशेष गुण लागतो.
राहवलं नाही. फोन लावला. कसे आहात वगैरे झालं. मग म्हटलं, साडूला सांग, माणूस फ्रेमच्या मध्ये नाही तर थोडा बाजूला घ्यायचा असतो, पण इतका बाजूला नाही, डावीकडे आणखी एक माणूस मावेल एवढी जागा सोडलीय त्याने.
ही म्हणाली, त्याने नाही सोडली. प्रत्येक वेळी मीच सरकून उभी राहते. तुमची जागा आहे ती.
मी म्हटलं, समुद्र तेवढा तिरका आलाय. ती म्हणाली, हो, आलाय. तिच्याकडून लाटांचा आवाज येत होता. मग मेहुणीने हाक मारली आणि तिने फोन ठेवला.
नऊ फोटो पुन्हा पाहिले. लाज वाटली. फार लाज वाटली. बाहेर बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांना म्हटलं, आज दुकान बंद आहे.