वसुधाचे क्रौंच

रविवार संध्याकाळ, पुंगोल

वसुधाची हिंमत बघा! भूतानच्या टूरची यादी मी दोन वर्षं खपून केली. मठ, आलिशान लॉज, दरीत उतरणारे काळ्या मानेचे क्रौंच. डिसेंबरात दोघी जाऊ म्हणाली होती. आज मंडळात सगळ्यांसमोर म्हणते, "ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर जूनमध्येच जातेय. तुझीच यादी वापरली हं. रागावली नाहीस ना?"

वर क्रौंचांसाठी भलीमोठी लेन्स घेतलीय. "दिसतील ना गं नक्की?"

मी गोड हसले. "पहाटे दरीत जाऊन गप्प बसायचं. अजिबात हलायचं नाही."

तिनं लिहून घेतलं. तीन पहाटा बसणार आहे म्हणे.

सांगावं का तिला? छे! बस म्हणावं पावसात कुडकुडत. क्रौंच तिथे फक्त हिवाळ्यात येतात.