पेवातली हळद आणि मालूचा प्रयोग

सांगली, ६ मे १९४६
मालू सकाळी सातलाच कॉलेजात गेली. बी.एस्सी.च्या सुट्टीत संशोधन शिकवायला सरांनी चौघांना ठेवून घेतलं, त्यात माझी नात एकटीच मुलगी. पेवात, म्हणजे जमिनीखालच्या खोल खड्ड्यात, वर्षभर पुरलेल्या हळदीचा रंग किती उतरतो, हे नव्या हळदीशी ताडून बघणार. काम चांगलं झालं तर सर एम.एस्सी.साठी पुण्याला पत्र देणार. नाहीतर तिचा बाप म्हणतो, शिक्षण पुरे. रंग काढायला स्पिरिट लागतं, त्याच्याजवळच दिवा पेटवतात म्हणे. जीव थाऱ्यावर नाही.

९ मे
नवी हळद सरांकडं आहेच. पेवातली मी आणली. तीस वर्षं हळदीच्या पेठेत काढली, नातीसाठी एवढंही नको? पण फार मळकट. अशी घेऊन पोरीनं सरांपुढं जायचं? पोत्यात घातली, हळदपूड कालवलेल्या पाण्याचा हात मारून घोळली. पेठेत माल मांडताना करतो तसं. झळाळली.

१५ मे
मालू जेवली नाही. जुनी हळद नवीपेक्षा जास्त रंग देते. तीनदा केलं, तेच. सर म्हणाले, तुमच्या हातून काहीतरी चुकतंय. "आबा, मला साधी वजनं करता येत न्हाईत बगा." सांगावं, तर...

१६ मे
नाही सांगितलं. डोकं दुखतंय म्हणून पडून राहिलो.

१७ मे
सांगितलं. मालू म्हणाली, "आवं आबा, मी काय गिऱ्हाईक हाय व्हय?" हसता हसता रडली. हात धरून कॉलेजात नेलं. सर रागावले नाहीत, ते जास्त लागलं. "किती पूड घातली?" "अंदाजानं, साहेब." म्हणाले, आठ दिवस आहेत, पुन्हा करा. मालूनं वहीत लिहिलं: नमुना आजोबांनी रंगवला. खोड म्हटलं, तर म्हणते, "झालं ते लिवायचंच असतं, आबा."

१८ मे
पेवात माल शिल्लक होता, वाचलो. आतली हवा बरी आहे का बघायला आधी कंदील सोडला, विझला नाही, तेव्हा हमाल उतरला. खालून ओरडला, "आबा, निवडून देऊ का? चांगली चांगली?"
"निवडू नगं रं. हाय तशी दे."
मातीसुद्धा पुसली नाही.

२५ मे
आज शेवटचा दिवस. लॅबोरेटरीच्या पायरीवर बसून लिहितो आहे. मघाशी मालूनं दारातून डोकं काढलं, "आबा, घरला जावा. अजून स्पिरिट आटतंय." म्हटलं, उन्हाचं कसं जाऊ? ऊन तर पायरीवरच होतं. आता सर आत गेले. त्यांचा आवाज आला, मग मालूचा. मग सर म्हणाले, पुण्याच्या पत्रासाठी कागद आणा.