गालावरचा उजेड

११ मार्च

तोच आहे. पाठ, मान, डावा बूट. चेहरा नाही दिसत. पण तोच!

सकाळी नवा शॉट आला तेव्हा मी फक्त नायिकेकडे बघत होते. लांब कॉरिडॉर. ती खिडकीपाशी उभी आहे, मग वळते आणि दाराकडे चालत येते. खिडकीबाहेर खरं तर गाड्या लावलेल्या आहेत, तिथे समुद्र घालायचा. माझं काम नेहमीचंच – फ्रेममागून फ्रेम तिच्या कडेनं रेघ काढत जायचं, केसांपासून टाचेपर्यंत, आणि तिला मागच्या सगळ्यापासून सोडवून घ्यायचं. सूचनांमध्ये खाली एक ओळ होती : 'डावीकडे लाइटवाला फ्रेममध्ये आला आहे. काढून टाकणे.'

डावीकडे पाहिलं.

पाणी प्यायला उठले. रिकामा ग्लास घेऊन तशीच जागेवर परत आले. कुणाच्या लक्षात आलं नाही.

१२ मार्च

झोप लागली नाही, म्हणून लिहून काढते.

त्याचं काम बोर्ड धरण्याचं. ऊन किंवा दिवा त्या मोठ्या पांढऱ्या बोर्डावर घ्यायचा आणि नटाच्या चेहऱ्यावर टाकायचा. कपडे कायम काळे, म्हणजे त्यांचा रंग कुठे उमटायला नको. सेटवर सगळे त्याला 'खांब' म्हणायचे. एकदा उभा राहिला की राहिला! आणि फ्रेममध्ये कधीही यायचा नाही. त्याचा त्याला फार अभिमान. म्हणायचा, "आमच्यात फ्रेममध्ये येणं म्हणजे लग्नात नवरीच्या आधी जेवायला बसणं."

मी फ्रेममध्ये चुकून आलेली माणसं पुसणारी. लग्न ठरलं तेव्हा यावरून किती जणांनी चेष्टा केली. तो स्वतःही. "कधी सापडलोच तुझ्या तावडीत तर नीट काढ हं. अर्धा कान मागे ठेवू नकोस."

हिवाळ्यात गेला. चहा घेता घेता छातीत कळ आली, एवढंच. कप टेबलावर नीट ठेवला होता त्यानं.

फोटो आहेत. पण हलताना, चालताना तो कुठेच नाही. घरातले सगळे व्हिडिओ त्यानेच काढलेले. त्यात त्याचा आवाज आहे – "अगं हस की! आई, इकडे बघ, भिंतीकडे काय बघतेस!" – तो नाही. आमच्या लग्नाचा मिनिटभराचा तुकडाच उरलाय, त्यातसुद्धा उठून लाइट सरळ करायला गेलेला. मी एकटीच बसलेली दिसते, शेजारी रिकामी खुर्ची.

आणि आता हा शॉट. पुसायला.

१३ मार्च

मास्तरांना सांगितलं. आमचे सुपरवायझर, चुकांवर लाल खुणा करतात म्हणून मास्तर. त्यांनी शॉट पहिल्यापासून चालवून पाहिला.

"आधी का नाही बोललात? रेडिओला देतो हा शॉट."

रेडिओ म्हणजे माझ्या शेजारची. झोपेतही बोलत असेल. ती ऐकत होतीच. "द्या ना मास्तर, मी उद्यापर्यंत उडवते त्याला," म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते कळल्यावर ओठ घट्ट मिटून बसली. आजवर कधी अशी बसली नव्हती.

मी म्हटलं, माझ्याकडेच राहू द्या.

"जमेल?"

"मलाच जमेल."

कुठून आलं माझ्या तोंडून, ठाऊक नाही. मी असं बोलत नाही.

१४ मार्च

रेडिओने माझ्या टेबलावर न बोलता कॉफी ठेवली. न बोलता!

१६ मार्च

हल्ली निम्मं काम मशीनच करतं. माणसावर एकदा क्लिक करायचं, ते आपोआप कडा शोधतं आणि पुढच्या फ्रेम्समध्येही धरून ठेवतं. नायिका लगेच सापडली. हाताची बोटं आणि उडणारी ओढणी तेवढी मला हातानं करावी लागली.

मग त्याच्यावर क्लिक केलं. मशीनने मागची भिंत निवडली.

पुन्हा केलं. पुन्हा भिंत, आणि सोबत दाराची चौकट. तिसऱ्यांदा फक्त बूट आला. काळे कपडे, काळोखा कोपरा, जागचा हलत नाही – मशीनच्या लेखी तिथे माणूसच नाही!

रेडिओ वाकून बघत होती. "अगं, याला तर खांबच वाटतोय तो," म्हणाली. तिला त्याचं सेटवरचं नाव माहीत नव्हतं. मी सांगितलं, सेटवर त्याला हेच म्हणायचे. ती हसली. मीही हसले. ऑफिसात हसले मी आज. मग दोघींनी डोळे पुसले.

हातानेच काढायचा आता. सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

१८ मार्च

अख्ख्या माणसाला एकच रेघ काढून चालत नाही. खांदा वेगळा, दंड वेगळा, मनगट वेगळं, कारण प्रत्येक भाग आपापल्या चालीनं हलतो. शिकाऊ पोरांना मीच हे शिकवते. पण आज पहिल्यांदा कळलं मी काय शिकवते ते.

दहा वर्षांच्या संसारात मी त्याच्या मानेकडे इतका वेळ पाहिलं नव्हतं. कानामागे केस कापलेला तो वाकडा भाग – "न्हाव्याने घाई केली" म्हणून कुरकुरत होता. कोपराशी शर्टाला पडणारी चुणी. एका फ्रेममध्ये ती आहे, पुढच्या फ्रेममध्ये थोडी उघडते, मग पुन्हा मिटते. कुणीही कधी बघणार नाही अशी गोष्ट. आणि तरी ती घडली आहे, एकेक करून, आणि इथे आहे!

माणूस उभा असतो तेव्हा किती काही चालू असतं.

१९ मार्च

त्याचा श्वास दिसतो.

२१ मार्च

तो फ्रेममध्ये का आला, ते आज कळलं.

तो दिवस मला आठवतो. घरी आला, बूट काढले, म्हणाला, "आज फ्रेममध्ये गेलो." जेवला नाही. "सगळ्यांसमोर ओरडा बसला. आणि नेमका तोच टेक ओके झाला." मी म्हटलं, होतं असं कधी. तो म्हणाला, "माझ्याकडून नाही होत." विषय तिथेच संपला. मला वाटलं, दमला असेल, लक्ष नसेल.

लक्ष नव्हतं कसं! नायिका वळते तेव्हा खिडकीतलं ऊन मावळत जातं. ढग आला असणार. मागच्या भिंतीवर सरळ दिसतं – उन्हाचा पट्टा फिका होतो, सरकतो. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड जायलाच हवा होता. तो जात नाही. कारण त्याच वेळी डावा बूट पुढे येतो. मग गुडघा, मग बोर्डाची कड. उरलेलं ऊन पकडायला तो एक पाऊल आत आला. नजर तिच्या गालावर, पायांकडे नाही.

ती त्या शॉटमध्ये इतकी सुंदर दिसते की पहिल्या दिवशी रेडिओसुद्धा खुर्ची सरकवून बघायला आली होती. टेक का ओके झाला, ते मला आता कळलं. त्याला कुणी सांगितलं असेल का?

मी खुर्ची मागे घेऊन नुसती बघत राहिले. वाईट वाटायला हवं होतं. तसं नाही वाटलं. उंच काहीतरी बघताना मान मागे जाते ना, तसं झालं.

२२ मार्च

रविवार. आईंना सांगितलं. त्याच्या आई, माझ्याजवळच राहतात. इतके दिवस हिंमत होत नव्हती.

"दिसतो?"

"पाठमोरा."

"हलतो?"

"हो आई. चालतोसुद्धा, एक पाऊल."

त्या भाजी निवडत होत्या, हात थांबले. "इथे नाही आणता येणार?" नाही येत. फोन दारातच ठेवून घेतात आमचे, एक चित्रही बाहेर जात नाही. त्यांनी मान हलवली. पुढची जुडी ओढत म्हणाल्या, "पुसायला तुझ्याच हाती आला. बरं झालं. परक्यानं घाईत पुसला असता."

मग मी एक विचारलं. कामात खटकत होतं. बोर्ड धरलेला हात हळूहळू खाली येतो, आणि मग डावा खांदा एकदम असा वर उडतो आणि हात पुन्हा जागेवर. सारखं तसंच.

आई लगेच हसल्या. "झाडावरून पडला होता ना, दुसरीत असताना. खांदा निखळला. तेव्हापासून दप्तर घेतलं तरी असं उचकवायचा. शाळेतून पोरांचा घोळका यायचा तेव्हा मी गॅलरीतून त्यावरूनच ओळखायची – तो उचकतोय तो आपला."

मला हे माहीत नव्हतं. मला तो खांबच वाटायचा.

२५ मार्च

झालं. काढला.

नायिका सगळ्यांत वर. मधून तो गेला. मागे रिकाम्या कॉरिडॉरचं चित्र बसवलं. भिंत, चौकट, फरशी. अर्धा कानही मागे ठेवला नाही. मास्तरांनी मोठ्या पडद्यावर पाहिलं, पुन्हा पाहिलं, लाल खूण एकही नाही.

मला वाटलं होतं, या क्षणी मी मोडून जाईन. तयारी ठेवली होती, रुमाल बाहेर काढून ठेवला होता.

पण मग शॉट चालवला. आणि तिच्या गालावर उजेड होता. हनुवटीकडे हळूहळू उतरत गेला – आणि टुणकन वर, गालाच्या हाडावर! पुन्हा उतरला. पुन्हा वर.

कॉरिडॉरमध्ये कुणी नाही. आणि खांदा उचकतोय.

२६ मार्च

दिवसभर दुसरं काम केलं. चुका केल्या. मास्तरांनी लाल खुणा केल्या नाहीत.

२७ मार्च

दिग्दर्शक आले होते. समुद्र घातलेला शॉट सगळ्यांनी मिळून पाहिला. मी नेहमीसारखी मागच्या भिंतीला टेकून. अशा वेळी मी कधीच तोंड उघडत नाही, तशी वेळही येत नाही.

शॉट संपल्यावर दिग्दर्शक म्हणाले, "छान. फक्त गालावरचा उजेड हलतोय. लाइटवाल्याचा हात थरथरला असणार. तो स्थिर करून घ्या."

मास्तरांनी लिहून घेतलं. फार तर अर्ध्या दिवसाचं काम. मलाच करावं लागलं असतं.

"राहू दे," मी म्हटलं.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. रेडिओने तर तोंडावर हात धरला.

"म्हणजे?"

"बाहेर आता समुद्र आहे ना. पाण्यावरून आलेला उजेड हलतोच. स्थिर केला तर खिडकीबाहेर भिंत आहे असं वाटेल." खरं तेवढंच बोलले. सगळं खरं नाही बोलले.

दिग्दर्शक पडद्याकडे वळले. मग, "पुन्हा दाखवा." पुन्हा दाखवला. उतरला – वर. उतरला – वर. ते पुढे वाकून बघत होते. "एकदा अजून."

मी मनात त्याला म्हणत होते, उभा राहा, हलू नकोस. आणि लगेच म्हटलं – नाही, नाही, हल!

"हं," ते म्हणाले. "श्वास घेतोय तो उजेड. मला दिसलंच नव्हतं. हात लावू नका त्याला."

जिन्यात मास्तर माझ्यामागून आले. "त्याचाच ना?" मी मान हलवली. "मी लिहून घेतलेलं खोडलं," म्हणाले आणि भरभर खाली उतरून गेले.

२८ मार्च

आईंना सांगितलं. "थेटरात बघायला नेशील?" नेईन. "मी ओळखेन बघ," म्हणाल्या. "गॅलरीतून ओळखायची मी."

६ एप्रिल

कपाट आवरताना माझी जुनी डिस्क सापडली, काम घरी न्यायला बंदी नव्हती तेव्हाची. शिकाऊ असताना केलेला पहिला शॉट तिच्यात होता – एक म्हातारा खिडकीशी बसून सुई ओवतो. त्याची कड पकडताना तेव्हा रडकुंडीला आले होते, कारण त्याच्या गालावरचा उजेड जागेवर थांबतच नव्हता. कोण मूर्ख लाइट धरून उभा आहे, असं सगळ्यांसमोर म्हणाले होते मी.

आता पुन्हा चालवला. हनुवटीकडे हळूहळू उतरला – आणि टुणकन वर.

तेव्हा आमची ओळखही नव्हती.