ड्राफच्या गाडीवरून घातलेली मागणी

तीर्थरूप अर्चीमामांस,

वॉल्टरचा नमस्कार. तुमचे गुडघे, मामींचा खोकला आणि तुमच्या चर्चचं गळकं छप्पर, तिघांचीही खुशाली कळवावी. इकडे मी, माझी डुकरं आणि हेक्टर घोडा ठणठणीत आहोत.

बिअरच्या भट्टीच्या मालकीणबाई, विधवा इझोबेलबाई, यांना मंगळवारी मागणी घालायचीच असा मी चंग बांधला होता. पण नुसतं 'लग्न करता का' विचारणं मला बरं दिसेना (बाई शिकलेल्या, मी डुकरंवाला). म्हणून त्यांच्याच धंद्यातली काही विद्या आधी पाजळावी असं ठरवलं. अकरा वर्षं मी डुकरांसाठी त्यांच्याकडून ड्राफ नेतोय, तर त्यावरच बोलू. गाडी भरली, आणि मी त्या वाफाळत्या ढिगावर चढून सुरुवात केली.

म्हटलं, बाई, माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं, सत्त्व काढून घेतल्यावर जो चोथा उरतो तो ड्राफ. पुढे लोकांनी कुठल्याही टाकाऊ गोष्टीला तेच नाव दिलं, हा अन्याय आहे! शब्द फार जुना, घराणं मोठं. नॉर्स, डच, जर्मन सगळ्यांकडे त्याची भावंडं सापडतात. नॉर्सपर्यंत मी घोट्याएवढा रुतलो, डचांपाशी गुडघे गेले. जर्मनांना हात घातला तेव्हा कमरेपर्यंत ऊब लागली होती. भट्टीतले गडी फावडी टेकून ऐकत होते. त्यांतल्या एकाचं फावडं गाडीच्या फळीवर आपटलं.

आता हेक्टरला अकरा वर्षांची सवय. फळीवर फावडं वाजलं की गाडी भरली, चला घरी! तो निघाला. मला उतरता येईना, आणि मुद्दा तर राहिलेलाच. तेव्हा अख्ख्या गावातून जाताना मी लाजेने डोळे मिटून, मागे तोंड करून ओरडत होतो, "इझोबेलबाई, माझ्याशी लग्न करा!" दारं उघडली. लोहाराची म्हातारी म्हणाली, "अरे मेल्या, आधी बाहेर तर ये!" घरी पोचल्यावर डुकरांनी मला खाऊन मोकळं केलं (म्हणजे भोवतालचा ड्राफ खाऊन). बाईंचं उत्तर काय ते कळलंच नाही. तीन दिवस झाले, मामा. परत विचारायला जायची छाती होत नाही.

तुमचा,
वॉल्टर

ता. क. रविवारी येऊन तुम्हीच बाईंना विचारा. मात्र ड्राफची ती सगळी माहिती तुमच्या नाताळच्या पत्रातली होती, हे बोलू नका. मी ती स्वतः शोधून काढली, असं त्यांना सांगितलंय.

ता. क. (अक्षर वेगळं आहे, दचकू नये.) मामा, मी इझोबेल. हे गृहस्थ पत्र पोस्टात टाकायला आमच्याच गाडीवानाकडे देऊन गेले, पाकीट न चिकटवता. मी मंगळवारीच 'हो' म्हटलं होतं, आणि तेही गाडीमागे पुलापर्यंत धावत. पण यांचं जर्मनांबद्दल काहीतरी सांगायचं राहिलं होतं, ते मध्येच ओरडण्याच्या नादात माझं 'हो' यांना ऐकूच गेलं नाही.