सिमरची चार पिल्लं

८ जुलै
आमची कुत्री सिमर व्याली. सकाळी ७.१० ते ९.४५. चार पिल्लं. दोन निळी चट्टेरी, म्हणजे करड्या अंगावर काळे चट्टे (१९८ आणि २०५ ग्रॅम), एक सोनेरी (१८७). चौथं पांढरं — २१० ग्रॅम. एका कानावर तेवढा करडा डाग.
बायको ओस्ला म्हणाली, "हे काय रे?"
"पांढरं जरा जास्त आलंय. होतं कधीकधी."
होत नाही! निदान माझ्याकडे सव्वीस वर्षांत झालेलं नाही.

९ जुलै
पुन्हा तपासलं. बाप निळा चट्टेरी, सिमर सोनेरी. जोडी चोख. चट्टेरीला चट्टेरी लावायचं नाही, पिल्लं पांढरी निपजतात — बहिरी, आंधळी — हे येल बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी लावलेली नाही.

१६ जुलै
वजनं दुप्पट. चौघांचीही.

२४ जुलै
डोळे उघडले. पांढऱ्याचा एक डोळा लहान आहे. किती, ते मोजलं नाही.

५ ऑगस्ट
पिल्लांच्या पेटीमागे डब्याचं झाकण आपटलं. तिघं दचकली, चौथंही उठलं. पण तिघं त्याच्या अंगावरून धावली होती. हे धरता येत नाही. मग त्याला एकट्याला जळणाच्या पीटच्या खोपीत नेलं. झाकण आपटलं. ते माझ्या बुटाची नाडी चावत बसलं. अकरा वेळा आपटलं.
स्वयंपाकघरातून ओस्ला ओरडली, "गिब्बी, पुरे आता! ज्यांना ऐकू यायचं त्यांना आलंय. मलासुद्धा!"

६ ऑगस्ट
जुन्या वह्या काढल्या. सिमर आमच्याकडे आली तेव्हा दहा आठवड्यांची होती, अंगावर काही दिसत नव्हतं. पण तिचं पहिलं वेत — २०१९ची वही, माझंच अक्षर: "दुसरा कुत्रा, सोनेरी. कानांवर, पाठीवर करडे शिंतोडे. आठव्या आठवड्यात गेले."
गेले! ते जात नसतात. सोनेरी केसांखाली दडतात. म्हणजे तो चट्टेरी, आणि त्याला ते सिमरकडूनच आलं — त्याचा बाप तर साधा काळा. सिमरही चट्टेरी. इतकी वर्षं माझ्या पायाशी झोपते.
ओस्ला तेव्हाच म्हणाली होती, लाळ तपासायला पाठव, खरा रंग कळेल. मी म्हणालो, मग माझे डोळे कशाला आहेत?
सगळं नीट लिहून ठेवलं होतं. वाचता आलं नाही.

७ ऑगस्ट
तो दुसरा कुत्रा म्हणजे ब्रॉक. पलीकडे अन्स्ट बेटावर मेरनकडे आहे. तिच्या कुत्र्या बहुतेक निळ्या. ब्रॉक सोनेरी म्हणून मीच दिला, माझ्या सहीनिशी. तिला सांगायला हवं.

८ ऑगस्ट
फोन केला नाही. मेंढ्या कातरायच्या होत्या.
ओस्ला: "फोनवर मेंढ्या बसल्या होत्या का?"

११ ऑगस्ट
आजही नाही. मेरन चौऱ्याहत्तर वर्षांची. माझी पहिली कुत्री तिच्याकडची, म्हणून लोक म्हणतात, गिब्बीला तिने शिकवलं. शिकवलं नाही. मी वाचून, मोजून शिकलो. आता कोणत्या तोंडाने सांगू?
पण दुकानात ओस्लाच्या कानावर आलं — मेरनची निळी आठवड्याभरात माजावर येईल. म्हणजे उद्याच फोन करायला हवा.
पांढऱ्याला नाव द्यायचं नाही असं ठरलं होतं. ओस्लाने दिलंय. मला सांगत नाही. जमिनीवर टाच आपटते, की ते वळून तिच्याकडे येतं. नऊ फुटांवरून. मोजपट्टी लावून पाहिलं.

१२ ऑगस्ट
फोन केला. सगळं सांगितलं. तारखा, वजनं, वहीतली ओळ. शेवटी मेरन म्हणाली, "ठाऊक आहे रे बाबा. ब्रॉकची माझ्याकडे दोन पांढरी झाली. मार्चमध्ये."
"मग सांगितलं का नाहीस?"
"तुला? तू माझ्याच निळीत खोट काढली असतीस."
काढली असती.

१३ ऑगस्ट
मार्च. मी सिमरला चट्टेरी कुत्रा दाखवला तो त्यानंतर, ६ मेला.