पोश्याची साक्ष

वांगणी, ता. जव्हार
७ एप्रिल २०२५

चि. मंगेश यास अ. उ. आ. आणि प्रभूमध्ये सलाम.

सकाळी मी शेण काढलं, अंगण सारवलं, मोहाखालची फुलं वेचून टोपली भरली आणि चुलीवर नागलीची भाकर टाकली. तुझे बाबा ओट्यावर बसून माझ्याकडे बघत होते. रोजच्यासारखीच सकाळ होती, मागच्या वर्षीच्या मार्चमधली. भाकर उलटता उलटता मी त्यांना सांगितलं की आजपासून या घरात दारू गाळायची नाही आणि प्यायचीही नाही. मग परसात गेले आणि गाळायची दोन्ही मडकी दगडावर आपटली. वीस वर्षं त्याच मडक्यांत मी स्वतः मोह शिजवला होता. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले की मडकी तरी ठेवायची होतीस, कोंबड्यांना पाणी ठेवायला झाली असती.

हे आज आठवलं ते तुझ्या पत्रामुळे. पहिल्या आठवड्यात हात इतके कापत होते की चहा अंगावर सांडला, असं तू लिहिलं आहेस. घाबरू नकोस. तुझे बाबाही कापत होते, पण त्यांनी थेंब घेतला नाही. तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि प्रभूने त्यांना मोकळं करून नेलं. तू तेव्हा भिवंडीला वीटभट्टीवर होतास, मातीला तेवढा पोचलास. पण पोश्या पवार दारू सोडून मेला, दारूने मेला नाही, हे सगळ्या वांगणीने बघितलं. हीच साक्ष मी वर्षभर पाड्यापाड्यांवर देते आहे. ती ऐकून नऊ जणांनी सोडली. रोहिदास भाऊ दर रविवारी साखरशेतहून मोटारसायकलवर प्रार्थना घ्यायला येतात. ते म्हणतात की मी तासभर बोललो तरी लोक जांभया देतात आणि बुधीबाई पाच मिनिटं बोलल्या तर रडतात.

आता तुझा लक्ष्याकाकाही तयार झाला आहे. ११ मेच्या रविवारी सगळ्यांसमोर सोडणार. त्याने रोहिदास भाऊंना विचारलं की रविवारच का, सोमवारी सोडली तर देव घेत नाही का. भावाच्या पाठोपाठ धाकट्याचंही घर सुधारलं तर मला आणखी काय पाहिजे?

मिशनच्या त्या व्यसनमुक्ती घरात मोबाइल फाटकावरच काढून घेतात ते एका अर्थी बरं झालं. त्या निमित्ताने तुझं अक्षर बघायला मिळतं. रविना रोजगार हमीच्या कामावर जाते, बरी आहे. ती म्हणते, तू न पिता आलास तर दारात आधी नाव सांग, कारण लग्नापासून तिने तसा माणूस बघितलेला नाही. मी तिला रागावले आणि मग दोघी हसलो.

तीन महिने पुरे कर. आईवर जीव असू दे.

तुझी आई,
बुधी


व्यसनमुक्ती घर, नाशिकजवळ
१६ एप्रिल २०२५

ती. आईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. रविनाला सांग, नाव सांगेन, गावही सांगेन, पण तिने दार उघडलं पाहिजे.

इथे सकाळी गोठा, मग प्रार्थना, मग भाजीच्या वाफ्यांना पाणी. माझ्या शेजारच्या खाटेवर धुळ्याकडचा हेमराज आहे, ट्रक चालवायचा. झोपेतही गिअर बदलतो. मला म्हणतो की तुझी आई पत्रात एवढं लिहिते, माझी बायको नुसते फोटो पाठवते, तेही वकिलाकडून.

आई, एक गोष्ट विचारायची आहे. आठ दिवसांपूर्वी इथे एका माणसाला टेम्पोतून आणलं. त्याने घरीच, एका दिवसात सगळी बंद केली होती. तिसऱ्या दिवशी त्याला झटके यायला लागले. भिंतीवर विंचू चढताना दिसत होते. त्याला तसंच मोठ्या दवाखान्यात नेलं म्हणून वाचला. आम्ही घाबरलो, तेव्हा उज्ज्वला सिस्टरने आम्हाला बसवून समजावलं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर शरीराला ते झेपत नाही, कधी कधी माणूस जातोसुद्धा. म्हणून आम्हाला पहिले दिवस डॉक्टर गोळ्या देतात आणि हळूहळू कमी करतात. आम्ही प्रार्थनाही रोज करतो आणि गोळ्याही रोज देतो, दोन्हींत भांडण नाही, असं सिस्टर म्हणाल्या.

तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. बाबांना नक्की तापच होता का? त्यांना काही दिसत होतं का? मी आलो तेव्हा त्यांच्या जिभेला चावल्याची जखम होती. मी कुणाला विचारलं नाही. तू मला खरं काय ते लिही. मी इथे बसून नको ते जोडतो आहे.

माया आहे तशीच ठेव.

मंगेश


वांगणी
२६ एप्रिल २०२५

चि. मंगेश यास अ. उ. आ.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. ताप नव्हता.

पहिल्या दिवशी ते गप्प होते. दुसऱ्या दिवशी घामाने अंथरूण भिजलं, पोटात पाणी ठरेना. तिसऱ्या दिवशी सकाळी कुडाच्या भिंतीवरून मुंग्या काढायला लागले. मुंग्या नव्हत्या. मला त्यांच्या आईच्या नावाने हाक मारत होते. मी रोहिदास भाऊंना बोलावून आणलं. ते म्हणाले की जुनं बंधन सुटताना असा झगडा होतो, आपण सोडायचं नाही. आम्ही गुडघे टेकून बसलो. त्यांचा दोष धरू नकोस. त्यांनी स्वतः एका दिवसात सोडली होती आणि ते जगले, म्हणून त्यांना वाटलं सगळेच जगतात. दवाखाना माझ्याही मनात आला नाही. साप चावला की दवाखाना, बाळंतपण अडलं की दवाखाना. दारूला प्रार्थना, असं आम्ही धरून चाललो होतो.

मग लक्ष्या आला. लुंगीत अर्धी बाटली खोचलेली होती. म्हणाला, वहिनी, एक घोट देऊ दे, हा माणूस जाईल. मी दारात आडवी उभी राहिले. त्याला म्हटलं, तुला पिणारा जोडीदार पाहिजे म्हणून आला आहेस. तो रडत होता आणि मला तेही दारूचंच रडणं वाटलं. आतून तुझ्या बाबांनी माझ्यापुढे हात जोडले. मंगेश, तीस वर्षांच्या संसारात त्या माणसाने मला कधी हात जोडले नव्हते. एकच घोट म्हणाले. मी म्हटलं, हे तुम्ही मागत नाही, तुमच्यातला सैतान मागतो आहे.

दुपारी पहिला झटका आला. दुसऱ्यात गेले. चेहरा शांत झाला तेव्हा आम्हाला वाटलं जिंकले. आम्ही गाणं म्हटलं. मी ते गाणं म्हटलं, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

ताप म्हणून कुणी सांगितलं ते आठवत नाही. बहुतेक मीच. मग साक्ष देता देता ते मलाही खरं वाटायला लागलं.

आठ दिवस झाले, पवित्र शास्त्र उघडते आणि मिटते. तुझ्या शाळेच्या पुस्तकांवरून मी अक्षरं शिकले ती ते वाचता यावं म्हणून. आता अक्षरं दिसतात पण आत उतरत नाहीत. प्रभूवर राग नाही. मडकी फोड असं त्याने मला सांगितलं होतं, हे मी अजूनही मानते. दारात आडवी उभी राहा असंही सांगितलं होतं का, ते मला आता कळत नाही.

आणि लक्ष्याचं काय करू? त्याचा रविवार दोन आठवड्यांवर आला. तो माझ्या साक्षीवरच सोडतो आहे. त्याला अडवायचं तर का ते सगळ्यांना सांगावं लागेल. पोश्या मोकळा होऊन गेला नाही, बायकोने पाणी तोडावं तशी दारू तोडली म्हणून गेला, असं सांगितलं तर ते नऊ जण उद्या पुन्हा धरतील. कुणाची तरी मुलं पुन्हा मार खातील. न सांगावं तर लक्ष्या जाईल.

तू तिथून पळून येऊ नकोस. शिव्या द्यायच्या तर पत्रात दे. जमलं तर थोडी माया राख.

आई


व्यसनमुक्ती घर, नाशिकजवळ
५ मे २०२५

ती. आईस सा. न.

शिव्या लिहिल्या होत्या. तो कागद फाडला.

पत्र वाचलं त्या दिवशी मी फाटकाबाहेर पडलो. हायवेवर देशीचं दुकान आहे, त्याच्यासमोर बराच वेळ उभा होतो. हेमराज माझ्या मागे मागे आला होता हे मला माहीत नव्हतं. म्हणाला, जेवणाची घंटा झाली आणि आज अंडी आहेत. मी त्याच्याबरोबर परत आलो. अंडी खाल्ली. मग संडासात जाऊन रडलो.

तुला माफ केलं असं आज मला लिहिता येत नाही. खोटं कशाला लिहू? पण एक गोष्ट तुलाही माहीत नाही. त्या तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मोबाइलवर दोन फोन आले होते, काकाच्या नंबरवरून. मी भट्टीच्या शेडमध्ये पिऊन पडलो होतो. दुसरा फोन वाजताना मी बघितला आणि उलटा करून ठेवला. तू रोहिदास भाऊंना आणायला गेली होतीस तेव्हा तो बाबांनीच करायला लावला होता, हे काकाने मला मातीच्या दिवशी सांगितलं. तेव्हापासून मी जास्त प्यायला लागलो. तुला वाटलं बापाच्या दुःखाने.

काकाला घरी सोडू देऊ नकोस. सिस्टरना सगळं सांगितलं. त्यांनी चिठ्ठी दिली आहे, पत्रासोबत आहे, नीट वाच. नऊ जणांचं म्हणशील तर मला वाटतं, जे खऱ्यावर टिकणार नाहीत ते तसेही फार दिवस टिकले नसते. पण हे मी इथे गोळ्या खाऊन बोलतो आहे. बोलायचं तुला आहे.

रविनाला यातलं काही सांगितलं नसशील तर सांग. मी आलो की तिला वेगळं सांगावं लागू नये.

मी अजून इथेच आहे. तेवढं धरून माझ्यावर माया कर.

मंगेश


वांगणी
रविवार, ११ मे २०२५

चि. मंगेश यास अ. उ. आ.

पत्र काल संध्याकाळी हाती आलं. चिठ्ठी वाचली. सिस्टरांनी लिहिलं आहे की अजून पीत असेल तर बंद न करता दवाखान्यात आणा. बंद केली असेल आणि हात कापत असतील तर वेळ घालवू नका. गाडी मिळेपर्यंत थोडी पाजावी लागली तरी पाजा, पण आणा. ती शेवटची ओळ वाचून मी चिठ्ठी घडी करून ठेवली. बाकी सगळं करेन, तेवढं माझ्या हातून होणार नाही, असं वाटलं.

आज प्रार्थनेला चाळीसेक माणसं होती. लक्ष्या पुढे बसला होता, आंघोळ करून, नवी बंडी घालून. रोहिदास भाऊंनी मला साक्षीला उभं केलं. मी रोजच्यासारखी मडक्यांपासून सुरुवात केली. पण पुढे ताप सांगितला नाही. मग तुला लिहिलं तसंच सगळं सांगितलं. मुंग्या सांगितल्या, जोडलेले हात सांगितले, गाणंही सांगितलं. म्हटलं, दारू सोडायची आहे, पण दवाखान्यातून सोडायची. माझा नवरा दारूने गेला नाही आणि मोकळा होऊनही गेला नाही. मी अडवून धरला म्हणून गेला.

मग त्या नऊ जणांतले दोघे उठून गेले. एकजण जाताना म्हणाला की म्हातारीने वर्षभर फसवलं. रोहिदास भाऊ बाहेर जाऊन ओट्याला टेकून बसले. मी जवळ गेले तर म्हणाले, बाई, माझ्या हाताखालून असे आणखी किती गेले असतील, ते आता मी कुणाला विचारू?

लक्ष्या मात्र हसला. म्हणाला, वहिनी, हे मी तुला त्या दिवशी दारातच सांगत होतो, पण बेवड्याचं कोण ऐकतं. मग खाली मान घालून म्हणाला की देवासमोर वास घेऊन कसं यायचं म्हणून त्याने शुक्रवारपासूनच बंद केली आहे. मी त्याचे हात बघितले. मांडीखाली दाबून ठेवले होते.

रविवारी आपली एसटी येत नाही. जीपवाले दोघेही वऱ्हाड घेऊन मोखाड्याला गेलेत. १०८ला फोन केला, तर गाडी लांब गेली आहे म्हणाले. मोटारसायकलवर मागे बसवलं तर तो धरून बसू शकणार नाही. उद्या सकाळी गाडी आहे. रविना त्याच्याजवळ बसली आहे. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली की मामंजींनी त्या दिवशी सकाळी तिच्याकडेही मागितली होती, आणि तिने माझ्या भीतीने दिली नाही. म्हणजे आपण तिघेही.

तू म्हणतोस माफ करता येत नाही. नको करू. मलाही तुझ्या त्या फोनबद्दल लगेच काही लिहिता येत नाही. घरी ये, मग दोघे एका ओट्यावर बसू. तोवर जेवढी माया उरली असेल तेवढी पुरे.

तुझी आई,
बुधी

ता. क. हे पत्र जव्हारहून पोस्टात टाकते आहे. सोमवारी सकाळी लक्ष्या कुडाच्या भिंतीवरून काहीतरी निवडायला लागला. मी दारू गाळणाऱ्या चैतीकडे जाऊन अर्धा पेला दारू मागून आणली, त्याचं डोकं मांडीवर घेऊन माझ्या हाताने त्याला पाजली आणि सातच्या एसटीने त्याला दवाखान्यात नेलं.